सातव्या मजल्याचं आठवं दार

ठेकेदाराच्या कागदावर तिचं नाव साधंसुधं होतं, पण नव्या इमारतींवर काम करणारे सुतार, रंगारी, फरशीवाले सगळे तिला भोंगेबाई म्हणायचे. आगीची सूचना देणारे भोंगे, छतावरचे धूर ओळखणारे डिटेक्टर, वीज गेली की आपोआप लागणारे जिन्यातले दिवे, हे सगळं बसवणं हा तिचा धंदा. खरं तर तो आधी तिच्या नवऱ्याचा. शिडीवरून पडून त्याचा उजवा हात कामातून गेला, तेव्हा तो खालून सांगायचा आणि ती वर चढून करायची. वर्षभरात सांगण्यासारखं काही उरलंच नाही. मग तो घरी बसून नकाशे बघू लागला आणि ती एकटीच शिडी घेऊन निघू लागली. याला पंधरा वर्षं झाली. कामात ती इतकी काटेकोर, की सुतार चिडवायचा, "भोंगेबाई घरी आमटीलासुद्धा टेस्टर लावून मग मीठ घालत असणार."

अशा बाईच्या हातून ते झालं.

नवा डिटेक्टर बसवताना त्यावर एक नारिंगी टोपी असते. घर रंगवताना, घासताना धूळ आत जाऊ नये म्हणून. काम संपलं की टोपी काढायची. राहिली, तर खाली घर जळत असलं तरी वरच्या डिटेक्टरला पत्ता लागत नाही. म्हणून काढलेल्या सगळ्या टोप्या ती पिशवीत घालून घरी आणायची आणि नवरा डाव्या हातानं त्या मोजायचा. त्या संध्याकाळी त्यानं दोनदा मोजल्या.

"एकशे बारा बसवले होतेस ना?"

"हो."

"टोप्या एकशे अकरा भरतायत."

"पडली असेल कुठेतरी ढिगाऱ्यात," ती म्हणाली आणि ताटं घ्यायला उठली.

टोपी ढिगाऱ्यात नव्हती, हे तिला त्याच क्षणी कळलं होतं. सातव्या मजल्यावर आठ घरं. प्रत्येक डिटेक्टरखाली डब्यातला धूर सोडून भोंगा वाजतो का, ते बघायचं होतं. सात घरांत तिनं बघितलं. आठव्या दाराला बाहेरून कुलूप. काही कुटुंबं ताबा मिळायच्या आधीच राहायला आली होती, त्यातलंच हे एक. दोनदा ती परत गेली, दोन्ही वेळा कुलूप. खाली ठेकेदार पेन घेऊन उभा. "अहो बाई, तुम्हीच बसवलाय ना तो? मग स्वतःवर विश्वास नाही का?" तिनं आठव्या दारापुढेही बरोबरची खूण केली आणि सही ठोकली.

तिचा रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी नवरा उठायच्या आत ती शिडी आणि धुराचा डबा घेऊन बाहेर पडली.

सातव्या मजल्याच्या बोळाला खिडकी नव्हती. आठव्या दाराला पुन्हा कुलूप. सवयीनं तिनं घंटीचं बटण दाबलं आणि परत फिरणार, तोच आतून आवाज आला.

"कोण गं? किल्ली माझ्याकडे नाही."

कुलूप बाहेर, आणि माणूस आत.

"आजी, मी भोंग्याचं काम करणारी. घरात अजून कुणी आहे का?"

"लेक गेली कामावर. मी बाहेर पडले की हरवते ना, म्हणून कोंडून जाते." म्हातारी हे असं सांगत होती, जसं कुणी आज ऊन आहे म्हणून सांगावं. मग एकदम तिचा आवाज फुलला. "अगं, तू धाकटी ना? आवाजावरून ओळखलं! कधी आलीस? थांब हं, चहा टाकते."

"आजी, चहा नको. आजी!"

पावलं आत गेली. भांडं आपटल्याचा आवाज. मग लायटर. टक. टक. टक. पेटल्याचा आवाज काही येईना. भोंगेबाई गुडघ्यावर बसली आणि दाराखालच्या फटीला नाक लावलं.

गॅस. सुटलेला गॅस.

तिचा हात पुन्हा घंटीकडे गेला आणि बटणापाशी पोचता पोचता तिनं तो मागे ओढला. घंटीतली एक ठिणगी पुरे झाली असती, कुलूप फोडताना उडालेलीही. समोरच्या दारातून एक गृहस्थ तोंडाला साबण फासलेल्या अवस्थेत डोकावले. "काय चाललंय?" म्हणत त्यांनी बोळातल्या दिव्याच्या बटणाकडे हात नेला.

"हात लावू नका!" ती अशी ओरडली, की ते भिंतीला चिकटले. "गॅस सुटलाय. जिन्यानं खाली जा. जाता जाता सगळ्यांना घराबाहेर काढा, दारं वाजवा, घंटी नको. रखवालदाराला सांगा, खालून सगळ्या इमारतीची वीज तोड. आणि हिच्या लेकीला फोन करा, पण खाली पोचल्यावर. किल्ली घेऊन धावत ये म्हणावं."

ते साबणासकट पळाले.

टक. टक.

"ताई!" भोंगेबाईनं दाराला तोंड लावून हाक मारली. आजी म्हणून उपयोग नव्हता, हे तिला कळून चुकलं होतं. "ताई, मी धाकटी. आधी इकडे ये बघू."

लायटर थांबला. "मेलं पेटतच नाही गं हे."

"राहू दे. लायटर खाली ठेव. मला चहा नको."

"तू? आणि चहा नको?" आतून हसू आलं. "बरी आहेस ना?"

"उन्हातून आलेय, घसा सुकलाय. गार पाणी दे. पण आधी शेगडीची बटणं उजवीकडे फिरव. अगदी थांबेपर्यंत."

"तू आल्याआल्या हुकूम सोडायला लागलीस! लहानपणापासून अशीच."

"अशीच आहे मी. फिरवलंस का?"

बोळातला दिवा विझला आणि दुसऱ्याच क्षणी छताजवळचे तिनंच बसवलेले दिवे लागले. गॅस जड, जमिनीलगत साचतो, आणि दिवे वर होते, हे तिला पाठ होतं. तरी तिनं दिव्यांकडे एकदा बघून घेतलं. काही झालं नाही.

"ताई?"

"एक फिरवलं. दुसरं घट्ट आहे."

"जोर लाव. दोन्ही हातांनी."

"लावतेय ना! ओरडू नकोस." मग दमलेला आवाज, "झालं बाई."

"आता खिडकी उघड."

"लेक रागावते."

"तिला मी सांगते. तू उघड." खिडकीच्या तावदानाचा खरखराट ऐकेपर्यंत भोंगेबाई दाराला कान लावून राहिली. "आता तिथंच खिडकीपाशी बस, आणि मला सांग, तू मला कधी मारलं होतंस ते."

म्हातारी सांगू लागली. वेणीवरून झालेलं भांडण, फुटलेली दौत, कुणाचं तरी लग्न. भोंगेबाई "हो ना" म्हणत राहिली. मध्येच म्हातारीनं विचारलं, "आई कशी आहे गं?" "बरी आहे," भोंगेबाई म्हणाली, "तुझीच आठवण काढते."

पंचवीस मिनिटांनी लेक आली. लिफ्ट बंद, त्यामुळे सात मजले चढून तिला धाप लागलेली. किल्ली तिच्या हातून घेऊन भोंगेबाईनंच लावली. आत जाऊन तिनं आधी सिलेंडर बंद केला, मग उरलेल्या खिडक्या उघडल्या. म्हातारीनं तिच्याकडे नीट निरखून बघितलं.

"ही कोण? धाकटी कुठे गेली?"

लेक भिंतीला टेकून खाली बसली. "रोज गॅस बंद करून जाते हो मी. रोज. आज उशीर झाला होता..."

भोंगेबाईनं वर बघितलं. छतावरच्या डिटेक्टरवर नारिंगी टोपी होतीच.

"ती टोपी अशीच असते ना?" लेकीनं विचारलं.

"नाही. ती काढायची राहिली माझ्याकडून. आणि न बघता सही केली."

लेक ताडकन उठून उभी राहिली. भोंगेबाई म्हणाली, "हा डिटेक्टर धूर ओळखतो, गॅस नाही. टोपी काढलेली असती तरी आज तो मुकाच राहिला असता. पण त्या दिवशी हे दार उघडून घेतलं असतं, तर आत कोण असतं ते मला कळलं असतं." टोपी काढून, धूर सोडून, भोंगा वाजवून दाखवायला दुपार झाली. तो वाजला तेव्हा म्हातारीनं कानांवर हात ठेवले आणि जागची हलली नाही. दार उघडं होतं तरी. भोंगेबाईच्या ते डोळ्यांपुढून जाईना. आग लागली असती, तर इतका मोठा आवाज करूनही ही बाई अशीच बसून राहिली असती.

तिथून ती थेट ठेकेदाराकडे गेली. त्याचं म्हणणं, "झालं ना सगळं ठीक? मग आता बोंब कशाला मारताय?" तिनं लिहून दिलं, की माझी सही मागे घेते, एकशे बाराच्या एकशे बारा पुन्हा तपासणार. तपासले. पुन्हा घरोघरी भोंगे वाजल्यामुळे रहिवासी वैतागले, दोघांनी तोंडावर बोलून दाखवलं. ठेकेदारानं पुढच्या इमारतीवर दुसऱ्याला घेतलं. चार महिने तिनं दुकानांतले दिवे बदलण्यासारखी किरकोळ कामं केली. नवऱ्याला सगळं सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "ढिगाऱ्यात पडली म्हणालीस, तेव्हाच कळलं होतं मला. तू खोटं बोलताना भांडी उचलतेस."

त्या घराची एक किल्ली साबणवाल्या गृहस्थांकडे राहू लागली. शेगडी गेली, विजेची किटली आली, तीही लेक कामाला जाताना कपाटात ठेवायची. भोंगेबाई कधी त्या बाजूला गेली तर वर डोकावायची. म्हातारीनं तिला पुन्हा कधीच ओळखलं नाही. दीड वर्षानं ते कुटुंब दुसरीकडे गेलं. कुठे, ते रखवालदारालाही माहीत नव्हतं.

आता भोंगेबाईला दुसऱ्या ठेकेदाराकडे काम आहे. इमारत ताब्यात द्यायच्या आधी ती दारोदार जाऊन एकच प्रश्न विचारते: भोंगा वाजला तर या घरातून आपण होऊन बाहेर न येणारं कुणी आहे का? ती नावं रखवालदाराच्या टेबलावर लावून घेते. काही लोक सांगतात, काही दार आपटतात. परवा एका बाईनं फटकारलं, "आमच्या घरात कोण झोपतं, कोण बसतं, याच्याशी तुम्हाला काय करायचंय?"

"मला काही नाही," भोंगेबाई म्हणाली. "मी उद्या परत येते."

आणि ती दुसऱ्या दिवशी परत गेली.