नक्षीदार एक

छपाईच्या दुकानात त्याला सगळे ‘नक्षी’ म्हणत, आणि त्याला ते आवडायचं. सहा वर्षं खपून त्याने अक्षरांचा एक फॉन्ट तयार केला होता. जुन्या दुकानांच्या पाट्यांवर असायची तशी भरदार अक्षरं, दुहेरी शिरोरेषा, प्रत्येक टोकाला वळलेलं पान. पानांचा नमुना आईच्या भरतकामाच्या वहीतला. आईने पस्तीस वर्षं शिवणाचा क्लास चालवला. गावातल्या निम्म्या बायका तिच्याच हाताखाली शिकल्या.

गिऱ्हाईक आलं की नक्षी बजावायचा, “दुकानाची पाटी करा, नाटकाचं पोस्टर करा, पुस्तकाचं नाव टाका. पण बोटाच्या पेरापेक्षा लहान करू नका. बारीक केलं की मेलं ते.”

आई गेली. शोकसभा एक तारखेला ठरली. पेपरातली जाहिरात मी बघतो, असं त्याने ताईला सांगितलं. जागा मिळाली पत्त्याच्या पानाएवढी. काउंटरवरच्या माणसाने चष्मा वर केला. “साहेब, फार गिचमिड होतंय. आमचं साधं अक्षर टाकू का?”

“आईची पानं आहेत ती. राहू द्या.”

मजकूर मावेना, तेव्हा त्याने वार काढून टाकला.

छापून आलं तेव्हा शाई पसरून पानांमधली पांढरी जागा बुजली होती. पण त्याला मजकूर तोंडपाठ. त्याला सगळं नीट वाचता आलं.

एक तारखेला सभागृहात दोनशे खुर्च्या मांडल्या. सहा वाजून गेले तरी चौघेच शेजारी आलेले. ताई भाषणाचा कागद घेऊन पुढे बसली होती. शेवटी शेजारच्या काकूंनी पिशवीतून पेपर काढला. “तू सांगितलंस म्हणून मी आले रे. यात तर नऊ तारीख दिलीय.”

ताईने पेपर डोळ्यांजवळ धरला. एकच्या कडेचं पान शाईने भरून त्याचा नऊ झाला होता.

“तुला कुणी सांगितलं नाही?”

“सांगितलं होतं.”

ताईने कागदाची घडी करून पर्समध्ये टाकली. भाषण झालंच नाही.

नऊ तारखेला पुन्हा सभा घ्यावी, तर सभागृह दुसऱ्या कुणाला दिलेलं, आणि ताईची रजा संपलेली. दुरुस्तीच्या दोन ओळी पेपरात आल्या, त्या कुणी वाचल्या नाहीत.

नऊला नक्षी सभागृहाच्या पायऱ्यांवर जाऊन उभा राहिला. बायका दोघीदोघींनी येत होत्या. एकजण काठी टेकत आली.

“सभा होऊन गेली,” तो प्रत्येकीला सांगत होता. “तारीख चुकीची दिसली. माझ्यामुळे.”

कुणी त्याला बोल लावला नाही. काठीवाल्या बाईंनी एवढंच विचारलं, “मग बाईंचा फोटो तरी बघू?”

फोटो ताई घेऊन गेली होती.

तेवढ्यात ताईचाच फोन आला. “आलं का कुणी?”

“आले.”

“किती?”

“बरेच. अजून येतायत.”

ताईने फोन ठेवला. पायऱ्यांशी आणखी एक रिक्षा थांबली, तिच्यातून तिघी उतरल्या.