येतंय म्हणून गेली

त्या दुपारी आम्ही दोघं पडवीत बसून पेज जेवलो. सोबत सुक्या बांगड्याचा एकच तुकडा होता. यमुनाने तो मोडला, मोठा भाग माझ्या ताटलीत टाकला आणि वर म्हणाली, "खावा. बसान बसान तुमका लय भूक लागता." खोटं नव्हतं ते. माडावरून पडून माझा पाय गेला, तेव्हापासून मी पडवीत बसून आणि ती काजूच्या कारखान्यात. कारखाना घरापासून हाकेवर, म्हणून जेवणाच्या सुट्टीत ती घरी यायची. जेवून उठली की खिडकीतल्या बाटलीतलं खोबरेल बोटांना चोपडायची. काजूचा चीक कातडं जाळतो. तिची बोटं कायम काळी.

आमच्याकडे घरातून निघताना कोणी "जातंय" म्हणत नाही. "येतंय" म्हणायचं, घरातल्याने "ये" म्हणायचं. लग्न झाल्यापासून मी "ये" म्हटल्याशिवाय ती पायरी उतरली नाही. त्या दिवशी मी दातातला काटा काढत होतो.

"येतंय म्हटलंय मां? वाचा बसली काय?"

"ये गो बाय," मी म्हटलं.

ती गेली. कारखान्याच्या फाटकासमोर टेम्पो मागे येत होता... मी काठी टेकत पोचलो तेव्हा तिच्यावर गोणपाट घातलं होतं.

दुसऱ्या दिवशी पोलिसांनी माझा जबाब घेतला. लिहिणारा हवालदार घाटावरचा, नवा, आमची बोली त्याला अर्धीच कळायची. ती कुठे निघाली होती, त्याने विचारलं. मी म्हटलं, येतंय म्हणाली. त्याने लिहिलं, "मयत ही घरी येत होती." भरभर वाचून दाखवलं. मला 'येत' ऐकू आलं, ते बरोबर वाटलं. मी सही केली. चौथी शिकलोय, सही येते.

त्या एका शब्दाचं काय होतं ते भरपाईसाठी गाठलेल्या वकीलबाईंनी सांगितलं. "आजोबा, दोन वाटा आहेत. कामगार म्हणून भरपाई मागितली तर चूक कोणाची हे विचारत नाहीत. ती कामावर होती, किंवा कामावर चालली होती, एवढं दिसायला हवं. टेम्पोवर दावा केला तर कामाचं कोणी विचारणार नाही, पण चूक त्याची होती हे आपण दाखवायचं. दोन्ही वाटा एकदम नाही धरता येत."

पहिल्या वाटेवर माझाच कागद आडवा. कारखान्याचा मुकादम म्हणतो, ती अर्धा दिवस भरून घरी चालली होती, नवऱ्यानेच तसं लिहून दिलंय. दुसऱ्या वाटेवर टेम्पोवाला म्हणतो, म्हातारीच मागून आली. बघितलं कोणी नाही. तिच्या शेजारी बसून काजू फोडणाऱ्या बायका खाली बघतात. त्यांना मी बोल लावत नाही, त्यांना रोज त्याच फाटकातून आत जायचंय.

मी विचारलं, "ती मेली, ह्या तरी दोनय वाटांर धरतत मां?"

 बाई म्हणाल्या, पुन्हा जबाब देऊ. पण समोरचे वकील विचारतील, आजोबा, तेव्हा खोटं बोललात की आता?

मला एवढंच हवंय, ती कामाला चालली होती असं एका कागदावर यावं. उभा जन्म काम केलं त्या बाईने. आणि मी सही करून तिला घरी बसवली... येतंय म्हणजे गेली, हे कोर्टातल्या साहेबाला कसं समजवायचं, मला अजून सुचत नाही. इथल्या पोरालाही कळतं ते.

तेलाची बाटली खिडकीत आहे. यमुनाच्या बोटांचे काळे ठसे आहेत तिच्यावर. मी पुसत नाही.

ती गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी मी तोंड धुतलं, सदरा घातला, काठी घेतली. दार ओढता ओढता तोंडातून गेलं, "येतंय गो."

थोडा थांबलो. मग पायरी उतरलो आणि तो जबाब द्यायला गेलो.