X ची अधिक बाजू

ग्राफपेपरची धास्ती मला शाळेपासूनची. (३, ५) हा बिंदू मी (५, ३) वर टाकला म्हणून रामटेकच्या शाळेत सरांनी अख्खा तास उभं ठेवलं होतं. तेव्हापासून एकच घोकलं: आधी आडवं, मग उभं. X अक्ष आडवा; उजवीकडे अधिक, डावीकडे उणे. आयटीआयत याच बळावर पैकीच्या पैकी मार्क आणले. बुटीबोरीला कारखान्यात कामाला लागले तेव्हा डोकं जरा हवेतच होतं.

त्या दिवशी ड्रिलिंग मशीनवर मी आणि मला काम शिकवणारे काका, दोघंच होतो. टेबल आणि बाजूचा लोखंडी खांब यांच्या फटीत चुरा अडकला होता. काकांनी ब्रश घेऊन हात आत घातला. एरवी आम्ही मशीनच्या समोर उभे राहतो, पण नीट दिसावं म्हणून मी टेबल सरकवायचा वायरचा रिमोट घेऊन मशीनच्या मागच्या बाजूला गेले.

"टेबल दूर घे वं माह्यापासून," काका म्हणाले.

काका माझ्या डावीकडे. म्हणजे टेबल उजवीकडे न्यायचं. उजवं म्हणजे अधिक. मी X अधिकचं बटण दाबलं आणि टेबल सरळ काकांच्या हातावर निघालं.

माय वं! बोट उचललं की टेबल थांबतं, हे मला ठाऊक होतं. पण भीतीनं बोट उचलेचना, उलट आणखी दाबलं गेलं. कडकन काहीतरी मोडलं. त्या आवाजानं बोट सुटलं आणि मी डोळेच मिटले.

मोडला तो फटीत आडवा अडकलेला ब्रश होता. काकांनी हात ओढून घेतला होता. तरी माझं तोंड सुटलंच. "मशीन उलटी चालून राहिली!"

"मशीन जागच्या जागी हाय. तू मांगं गेली. अक्ष मशीनचा रायते, तुहा नाही."

खरंच, वहीतल्या ग्राफला मागून कधी कोणी बघतं का?

काकांनी दुसरा ब्रश आणला. "ये समोर. चुरा तसाच हाय."

"मी नाही दाबत. दुसऱ्या कोणाले बोलवा," मी रडतच म्हणाले.

"आज नाही दाबलं, त मंग कधीच नाही दाबणार तू."

त्यांनी हात पुन्हा त्या अरुंद झालेल्या फटीत घातला. मी समोर उभी राहिले, मोठ्यानं "X उणे" म्हटलं आणि बटण दाबलं. टेबल दूर सरकलं, तेव्हा कुठं काकांनी श्वास सोडला.