कोरड्या कालव्यातली वाट

निकामी वस्तूवर आमच्या साडूंइतकी माया करणारा माणूस हिंगोली जिल्ह्यात दुसरा नसेल. फुटक्या कुकरात त्यांनी तुळस लावली आहे, जळालेल्या पंख्याच्या पात्यांचं बुजगावणं केलं आहे, आणि २००२ साली शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांची नजर गावाबाहेरच्या कालव्यावर गेली. कालवा खोदून बारा वर्षं झाली होती. पाणी एकदाही आलं नव्हतं. साडूंनी तिथे पर्यटनस्थळ करायचं ठरवलं.

पर्यटन हे लोकांना सांगायचं कारण. खरं कारण त्यांची बायको, म्हणजे माझी थोरली मेव्हणी. डॉक्टरांनी साखरेपायी ताईंना रोज तीन किलोमीटर चालायला सांगितलं होतं. पण गावात बाई बिनकामाची रस्त्याने निघाली की चौघी विचारतात, "काहून हिंडून राहिल्या?" ताई तिसऱ्या दिवशी घरी बसल्या. कालव्याचे भराव पुरुषभर उंच, आत चालणारं कुणाला दिसत नाही. शिवाय साडूंनी मला हळूच सांगितलं, "पस्तीस वर्षं ती माझ्या मागून चालून राहिली. तिथं तरी सोबतीनं चालू."

त्यांनी कालव्यात कडुलिंबाची बेचाळीस रोपं लावली आणि खतासाठी, शेतात बसवतात तशी, धनगराची मेंढरं तिथे बसवली. क्रम चुकला. सकाळी बेचाळीस खड्डे तेवढे होते. धनगर म्हणाला, "गुरुजी, मेंढरायला वाटलं तुमी जेवायलाच बोलावलं." साडूंनी ठरलेली पायलीभर ज्वारी दिली, खत तर मिळालंच होतं.

मग त्यांनी पावलं मोजून चुन्याने अंतराचे आकडे टाकले. मी टेप लावली. त्यांचा किलोमीटर सातशे बारा मीटरचा भरला. तीनच्या जागी ताई दोन किलोमीटर एकशे छत्तीस मीटरच चालतील, हे मी स्पष्ट सांगितलं. साडू खूशच झाले. "मंग फेऱ्या वाढवू. तेवढीच सोबत."

गावातले पुरुष काही फिरकले नाहीत. दिवसभर औतामागे चालणाऱ्याला हौसेने चालायचं म्हणजे चेष्टाच वाटली. ताई मात्र गेल्या, हातात विळा घेऊन. कुणी विचारलंच तर गवताला चालले म्हणायचं. तीन दिवस त्या रिकाम्या हाताने परतल्या, तेव्हा चौथ्या दिवशी शेजारीण मागावर गेली. ती पाचव्या दिवशी स्वतःचा विळा घेऊन आली. दिवाळीपर्यंत कालव्यात अकरा बायका आणि अकरा विळे झाले. गवताची काडी कुणी कापली नाही. सासरच्या माणसांची मात्र रोज कापणी होई.

बायकांची वाट झाल्यावर तिथे पुरुषाचं काय काम? त्यांनीच साडूंना सांगितलं, "गुरुजी, तुमी वर बसा. कोनी आलं तर खाकरा."

ताईंची साखर उतरली. त्या संक्रांतीला गेलो तेव्हा साडू भरावावर बसले होते. खालून बायका निघाल्या तसे तेही उठले आणि वरून चालू लागले. वर बाभळी फार, त्यामुळे ते मागे पडले. खाली ताई थांबल्या, चपलेत खडा गेला म्हणाल्या. बायका पुढे निघून गेल्या. साडू काटे चुकवत येईपर्यंत तो खडा काही निघाला नाही.