मोठ्यानं वाचा, साहेब

आई न्हाणीत घसरून पडली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. मुकुंदवाडीच्या आमच्या घरातून अॅम्ब्युलन्सनं तिला हॉस्पिटलात आणलं, हाडांच्या वॉर्डात बायकांच्या बाजूला खिडकीजवळची कॉट मिळाली. ऑपरेशन परवा करू, असं डॉक्टर सांगून गेले आणि पाठोपाठ मामा आले. सोबत मामी. मामीच्या हातात डबा, मामांच्या हातात पिशवी आणि पिशवीत घडी घातलेला स्टॅम्पपेपर.

मामा म्हणजे आईचा पाठचा, एकुलता एक भाऊ. शेंद्र्याच्या पुढं आजोबांची जमीन आहे, ती तेच कसतात. शेंद्र्यात कंपन्या आल्या, रस्ते आले, त्या जमिनीला सोन्याचा भाव आला. पण आईनं कधी तिचं नाव काढलं नाही. दर दिवाळीला तिची साडीचोळीवर बोळवण व्हायची आणि ती साडी ती चार घरी कौतुकानं दाखवायची.

मामांचं ताकाला जाऊन भांडं लपवणं सुरू झालं. आधी तब्येत झाली, मग डॉक्टर झाले, मग रस्त्यातले खड्डे झाले. शेवटी मला व्हरांड्यात नेऊन म्हणाले, "तलाठ्याला एक कागद द्यायचा हाय. अक्काची सही अन् नोटरीचा शिक्का, बस. तू शहरात राहती, बघ एखादा वकील. ऑपरेशनच्या आधी झालं म्हंजी बरं."

"आधीच का?"

"माणसाचं काय सांगावं?"

माणसाचं काय सांगावं! सख्खी बहीण वेदनेनं कण्हत पडलेली आणि हा गृहस्थ ती टेबलावर गेली तर काय, याचा बंदोबस्त करून आलेला. मी तडक आईकडे गेले आणि तिच्या कानात सांगितलं, "हा हक्क सोडल्याचा कागद आहे. सही करू नकोस."

ती डोळे मिटून म्हणाली, "बोलाव नोटरीला."

"अगं आई!"

"बोलाव म्हणते ना. फक्त इथं बोलाव. माझ्यापुढं."

मला तिचाही राग आला. आमच्याकडे बहिणीनं हिस्सा मागितला की तिनं भावाच्या अन्नात माती कालवली म्हणतात आणि सोडला की ती देवमाणूस. मला वाटलं, हिलाही देवमाणूस व्हायची घाई झाली आहे. पण तिचं ऐकायचं तर होतंच.

मी फोन लावायला बसले. कोर्टाबाहेर टेबल टाकून बसणारा पहिला नोटरी म्हणाला, "पेशंटला रिक्षात घालून आणा, मी रस्त्यावर येऊन सही घेतो." खुबा मोडलाय म्हटलं, तर म्हणे पाचच मिनिटांचं काम आहे. दुसरा त्याहून दयाळू निघाला. "त्यांना कशाला त्रास देता? सही तुम्हीच घ्या आणि कागद इकडे आणा, मी शिक्का मारून देतो."

मामांचा चेहरा उजळला. "ह्ये लई बेस झालं. दे तो नंबर."

"नाही देत," मी म्हटलं. "माझी आई जिवंत आहे, मामा. तिचं तोंडही न बघता तिच्या नावावर शिक्के मारायला ती काय मेलीय?" व्हरांड्यातली माणसं वळून बघायला लागली. बघू देत, म्हटलं.

तिसरे नोटरी यायला तयार झाले. त्यांची एकच अट होती: पेशंट पूर्ण शुद्धीत असल्याचं डॉक्टरांचं पत्र हवं. पत्र लिहायला आलेल्या तरुण डॉक्टरनं आईला विचारलं, "आजी, आज वार कोणता?"

"सोमवार. आन् दिवाळी नसताना माझा भाऊ आलाय, त्ये बी ध्यानात हाय माझ्या."

डॉक्टरनं मान खाली घालून पत्र लिहून दिलं.

भेटायच्या वेळेत नोटरी आले. स्कूटरवरून आलेले, काखेत हेल्मेट, खांद्याच्या पिशवीत रजिस्टर आणि शिक्के. मामांनी लगेच कागद पुढं केला आणि खिशातून शाईचं पॅड काढलं. "अंगठाच घ्या साहेब, हात थरथरतोय तिचा."

आईचा हात मुळीच थरथरत नव्हता. "सही करते मी," ती म्हणाली. "पण पडताना चष्मा फुटला माझा. काय लिवलंय त्ये वाचून दाखवा."

"अक्का, घरचाच कागद हाय, त्यात काय वाचायचं?"

"वाचावं लागतं," नोटरी म्हणाले आणि कॉटजवळ वाकून हळू आवाजात वाचायला लागले.

"मोठ्यानं वाचा, साहेब. कमी ऐकू येतं मला."

माझ्या आईला स्वयंपाकघरातला नळ ठिबकलेला ओसरीवर ऐकू येतो. त्या क्षणी मला कळलं ती काय करते आहे, आणि माझा सगळा राग पळाला. मी स्टूल सरकवून तिच्या उशाशी बसले.

नोटरी मोठ्यानं वाचायला लागले. वॉर्डातलं बोलणं हळूहळू थांबलं. "वडिलांच्या मिळकतीत मला कोणताही हिस्सा नको आहे. माझ्या मुलाबाळांचाही त्यावर कसलाच हक्क राहणार नाही. हे मी राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय..."

"थांबा," आई म्हणाली. "राजीखुशी कुणाची?"

शेजारच्या कॉटवर चितेगावची एक बाई होती, हाताला प्लास्टर घातलेली. ती फस्सकन हसली. "माझी बी आशीच राजीखुशी झाली होती बाई. नवं लुगडं नेसवलं आन् अंगठा घेतला."

पलीकडून आणखी कुणीतरी म्हणालं, "लुगडं तरी दिलं तुला!" सगळा वॉर्ड हसला. मामा घामाघूम झाले.

आईनं कागद मागितला, घडीवर घडी घातली आणि मामांच्या हातात ठेवला. "ह्यो तुझा कागद. ह्याच्यावर माझी सही नाय." मग नोटरींकडे मान वळवली. "साहेब, उद्या परत या, ऑपरेशनच्या आधी. उद्याचा कागद माझा. लिवून घ्या: मला माझा हिस्सा पाहिजे, आन् माझं काय बरंवाईट झालं तर तो माझ्या लेकीला मिळावा. राजीखुशीनं."

नोटरींनी वहीत टिपून घेतलं आणि ते निघाले. त्या वेळी मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

मामांचा आवाज चढला. "अक्का, मंग भाऊबीजंला दार बंद, सांगून ठिवतो. माहेर तुटलं तुझं."

"दार तुझं आसंल," आई म्हणाली. "मी बांधावर बसून भाकर खाईन. बांध माझ्या बी बापाचा हाय."

मामा तरातरा निघाले. दारापाशी जाऊन त्यांना आठवलं, आपण एकटे आलो नाही. "चल गं!" ते तिथूनच ओरडले.

मामी इतका वेळ भिंतीला टेकून उभी होती. ती आल्यापासून कुणी तिला एक शब्द विचारला नव्हता, तीही बोलली नव्हती. आताही ती हलली नाही.

"व्हा तुम्ही पुढं," ती म्हणाली.

मग शांतपणे आईच्या पायथ्याशी बसली, डबा उघडून आईपुढं ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "त्या वकिलाचा नंबर दे बरं मला. मला तीन भाऊ हायेत."