बिनशेपटीची अंजनी

सोनाळ्यात पाटी कोणाचीही असो, खाली कोपऱ्यात ‘प्रेमानंद पेंटर’ असायचंच. खताचं दुकान, पिठाची गिरणी, ग्रामपंचायतीचे उपदेश, सगळं त्याच्याच हातचं. सव्वीस वर्षं माणूस नुसती अक्षरं काढत राहिला आणि चित्राची हौस मनातच कुजली. पुढं डिजिटल बॅनरवाल्यांनी ती अक्षरंही पळवली.

म्हणून शाळेच्या अनुपमा मॅडमनी रस्त्याकडची भिंत देऊन, जगातला कोणताही प्राणी काढा म्हटलं, तेव्हा गडी हरखला. मोबाइलवर शोधता शोधता त्याला ओरांगउटान सापडली. बोर्निओ बेटाच्या जंगलातली, केशरी केसांची वनमानुषाची जात. जन्म झाडावर, संसार झाडावर, रोज संध्याकाळी फांद्या वाकवून नवा बिछाना. नराचा पत्ता नाही. माय एकटीच पिल्लाला सात-आठ वर्षं सांभाळते, कोणतं फळ कधी पिकतं ते शिकवते. आणि तिचं जंगल तोडून लोक तेलासाठी पामची झाडं लावतात. हे वाचलं त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

पंधरा दिवस तो शिडीवर होता. केशरी केसांचा एकेक फटकारा, छातीला बिलगलेलं पिल्लू, मायचे थकलेले डोळे. आयुष्यातलं पहिलं खरं चित्र. खाली कोपऱ्यात त्यानं नाव टाकलं.

रंग वाळतो न वाळतो तोच शाळा समितीचे भगवानराव हजर. शेपटी कुठं गेली, हा त्यांचा पहिला प्रश्न. हे वनमानुष आहे, याला शेपटी नसते, असं प्रेमानंदनं तीनदा सांगितलं. पण पालथ्या घड्यावर पाणी.

“आमच्या वावरात रोज पन्नास वानरं येतात. मले शिकवून राह्यला काय बे?” असं म्हणून ते चालते झाले.

शनिवारी सकाळी प्रेमानंद किराणा घेऊन परतत होता, तर शाळेसमोर बाया जमलेल्या. चित्राला रुईच्या पानांची माळ, मायच्या कपाळाला शेंदूर, पिल्लालाही शेंदूर. आणि त्याच्याच शेजारच्या मंजुळाबाई ओंजळीनं भिंतीला तेल चोपडत होत्या. केशरी केसांवरून ओघळ खाली येत होते आणि त्यावर रस्त्याची धूळ बसत होती.

त्याचं डोकंच फिरलं. हा देव नाही, हे जनावर आहे, सातासमुद्रापार राहतं, असं तो घसा फोडून सांगू लागला. बाया गालात हसल्या. मंजुळाबाईंनी मात्र त्याला मायेनं समजावलं.

“तुले नाही कळत, बाबा. केशरी अंग, छातीशी लेकरू. हे अंजनीमाय हाय. देवानं तुह्या हातून काढून घेतली.”

शिवी दिली असती तर भांडता तरी आलं असतं. पंधरा दिवसांची मेहनत डोळ्यांदेखत तेलकट होत होती आणि वर लोक त्याचं कौतुक करत होते. शेवटी त्यानं हात जोडले.

“माय, निदान तेल तं नको टाकू. कोणतं तेल हाय हे?”

“पामतेल. आपल्याले दुसरं कुठं परवडते?”

ज्या तेलापायी तिचं झाड गेलं, तेच तिच्या डोक्यावर. हे आज सांगायचंच, असं ठरवून प्रेमानंदनं हातातली थैली खाली ठेवली. थैली कलंडली आणि बायकोनं, जयमालानं, मागवलेला तेलाचा पुडा बाहेर घसरला. त्यावरही तेच नाव.

मंजुळाबाईंनी पुड्याकडे पाहिलं आणि बाजूला सरकून त्याला वाट करून दिली.

“तूही तेल घेऊनच आला ना? मंग इतका वेळ काऊन भांडून राह्यला?”