नोकरीची गरज नसलेले पाच जण

आमच्या गावाकडे कारखाना यावा म्हणून गावचे पाच कारभारी पुण्याला आले, ते थेट माझ्या कोथरूडच्या दोन खोल्यांत उतरले. पुढारी अर्थातच आबा, माझे वडील, माजी सरपंच. एका परदेशी कंपनीला गाड्यांचे सुटे भाग बनवायला जागा हवी होती आणि आमच्याकडे माळरानाला तोटा नव्हता. दुसऱ्या दिवशी हॉटेलात भेट ठरलेली. मी आयटीत, इंग्रजी बोलणारी गावची लेक, म्हणून दुभाषी मीच. मला रजा मिळेल का, हे कोणीही विचारलं नाही.

सकाळी बाथरूमपुढे रांग लागली, कडक इस्त्रीचे सदरे चढले. सोसायटीच्या सेक्रेटरींनी मला जिन्यात गाठलं. "आपल्याकडे लग्न आहे वाटतं? नोटीस दिसली नाही."

माझा धाकटा भाऊही कात्रजहून आला. तिथे तो एका गोदामात कंत्राटी कामावर होता, सहा जणांत एक खोली. बायको आणि लहान मुलगी गावी आबांजवळ. तो सुट्टीला गेला की मुलगी त्याला पाहून आईच्या मागे दडायची. कारखाना आला तर तो घरी परतणार होता. विकास वगैरे मोठ्या लोकांनी बघावा. मला माझा भाऊ घरी जायला हवा होता.

बोलणी छान चालली. रस्ता, पाणी, वीज, आबांनी सगळ्याची हमी दिली. विजेची दिली तेव्हा मी खाली बघितलं. मग कंपनीच्या बाईंनी विचारलं, "तुमच्या स्वतःच्या घरांतून कामाला कोण येईल?"

मी मराठीत सांगितलं. आबा ताठ बसले. "आमच्या घरात कुणाला चाकरीची गरज न्हाई. देवाच्या दयेनं समदं हाय. आमी गोरगरिबांसाठी मागतोय."

उरलेल्या चौघांनीही हेच सांगितलं. चौघांच्याही घरात एकेक पोरगा रिकामा बसलेला, हे मला ठाऊक होतं. पण परक्या बाईपुढे, चारचौघांत, स्वतःच्या पोरासाठी हात पसरायचा? ते त्यांच्याने होईना. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गावासाठी हात जोडताना लाज नाही आणि पोराचं नाव घेतलं की नाक कापलं जातं, ही कुठली इज्जत?

मी पाचही उत्तरं इंग्रजीत सांगितली आणि शेवटी माझं एक जोडलं: माझा भाऊ येईल, तो हा इथेच बसलाय.

'ब्रदर' एवढा शब्द आबांना कळत होता. आवाज न चढवता ते मला म्हणाले, "तू सासरची हायस. आमच्या घरचं आमी बोलू."

बाई भावाकडे वळल्या आणि त्यांनी थेट त्यालाच विचारलं, तुला यायचंय का? इतकं इंग्रजी त्याला येत होतं. त्याने आबांकडे पाहिलं. आबा समोरच्या पाण्याच्या ग्लासकडे पाहत होते.

"नो मॅडम," तो म्हणाला. "आय ॲम हॅपी इन पुणे."

कंपनी पुढे दुसऱ्या राज्यात गेली. या उत्तरांमुळे गेली की विजेमुळे, देव जाणे. पण मला छळते ती त्या दिवशीची संध्याकाळ. आम्ही जेवायला बसलो होतो आणि गावाहून भावजयीचा फोन आला. एसटीडी बूथवरून बोलत होती, मागे मुलगी काहीतरी बडबडत होती.

"वन्सं, ह्यांचं जमलं का वं?"

भाऊ फोन घ्यायला ताटावरून उठला नाही. मी रिसीव्हर आबांपुढे धरला. म्हटलं, घरचं तुम्हीच बोला. आबांनी तो कानाला लावला, घसा खाकरला आणि म्हणाले, "पोरी, आमी लई केलं. तुझा नवराच न्हाई म्हनला."

भाऊ त्यांच्या शेजारीच बसला होता. त्याने पुढचा घास घेतला.